जुन्या मराठी फायली, नवा लॅपटॉप आणि पडद्यावरचा कचरा

आपल्या पत्रात चार तक्रारी आहेत. वडिलांच्या आठवणींची दीडशे पानांची वर्ड फाइल २००३ साली टंकलेखकाकडून करून घेतलेली होती, ती नव्या लॅपटॉपवर उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. महिला मंडळाच्या सभासदांची यादी एका संगणकावर विचित्र चिन्हांनी भरून येते आणि दुसऱ्यावर निव्वळ प्रश्नचिन्हांनी. स्वतः टंकताना ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य आणि ‘ॲड्व्होकेट’मधला ॲ काही केल्या उमटत नाही. शिवाय पीडीएफमधून उचललेला मजकूर मोडका निघतो. या चारही गोष्टींना आपण ‘फॉन्टची अडचण’ असे एकच नाव दिले आहे, आणि दुकानदारानेही त्याच समजुतीने आपल्या लॅपटॉपवर साठ-सत्तर फॉन्ट भरून दिले आहेत. प्रत्यक्षात यांतली पहिली तक्रार तेवढी फॉन्टची आहे. बाकीच्या तिन्हींना तो बिचारा जबाबदार नाही.

गेली पंचवीस वर्षे मी लोकांच्या घरचे संगणक दुरुस्त करतो आहे आणि मराठी मजकुराची तक्रार आली की सर्वांत आधी एकच सांगतो: पडद्यावर कचरा दिसत असताना फाइल ‘सेव्ह’ करू नका आणि त्या कचऱ्याकडे नीट पाहा, कारण रोग कोणता आहे ते तो कचराच सांगतो. ओळखीची साधी इंग्रजी अक्षरे, मध्येच अर्धविराम, चौकटी कंस, लहान-मोठी लिपी यांची सरमिसळ दिसत असेल तर ती जुन्या फॉन्टमधली फाइल आहे. रिकाम्या चौकोनांच्या रांगा दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त तो दाखवू शकणारा फॉन्ट तेथे नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत असेल आणि त्याच्या सोबतीला मधूनमधून जपानी येनचे चिन्ह दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमध्येच (सर्व लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत) आहे, पण वाचणाऱ्या प्रोग्रामने तो चुकीच्या सारणीने वाचला आहे. आणि नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुतेक वेळा मजकूर गेला. त्या फाइलीत आता खरोखरीच प्रश्नचिन्हे साठवलेली आहेत आणि मूळ प्रत शोधण्यावाचून उपाय नाही.

आता वडिलांच्या आठवणींकडे वळू, कारण खरे काम तेथेच आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखलेला होता. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्टही आला. तरीही २००३ साली तुमच्या टंकलेखकाच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नव्हता, कारण विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करून घ्यावी लागे, आणि पत्रके-पुस्तके छापणारी सॉफ्टवेअरे युनिकोड देवनागरीला ओळखतच नसत. त्यामुळे टंकलेखक आणि छापखाने आपापले फॉन्ट वापरत: कोणी कृतिदेव, कोणी शिवाजी, कोणी आकृती, कोणी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तर कोणी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर मिळणारे सुरेख, योगेश हे फॉन्ट. या सर्वांची युक्ती एकच होती. संगणकाच्या दृष्टीने फाइलीत इंग्रजी अक्षरेच साठवायची आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो तो ई, जे, के, मोठ्या लिपीतला बी आणि एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. दुसऱ्या फॉन्टमध्ये याच पाच अक्षरांचे आकार वेगळे निघतील, म्हणून ‘मराठी फॉन्ट टाकला, तरी काही दिसत नाही’ असे होते. जो फॉन्ट होता तोच हवा.

तो कोणता होता, हे फाइल स्वतः सांगते. त्या काल्यावर कर्सर ठेवा आणि वर्डच्या ‘होम’ पट्टीतल्या फॉन्टच्या चौकटीत पाहा. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव तेथे टिकून असते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ या मार्गाने खाली गेल्यास ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ हे बटण मिळते, आणि फाइलीने मागितलेले पण संगणकावर नसलेले सारे फॉन्ट तेथे यादीने दिसतात. दीडशे पानांच्या फाइलीत असे दोन-तीन फॉन्ट निघाले तर नवल वाटू देऊ नका. मथळ्यांसाठी टंकलेखक हमखास वेगळा ठसठशीत फॉन्ट घेत असत.

तुम्हाला ती फाइल केवळ वाचायची किंवा एकदा छापून घ्यायची असेल, तर तोच फॉन्ट मिळवून त्याच्या फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल’ म्हटले की काम झाले. परंतु नातवंडांना ती मोबाइलवर वाचता यावी, तीत शोध घेता यावा, पुढेमागे तिचे पुस्तक व्हावे अशी इच्छा असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करावाच लागेल. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक परिवर्तक एका विशिष्ट फॉन्टकुळासाठी असतो; कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीच्या मजकुराला लावला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो, फक्त तो देवनागरीत असतो.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती करण्याचा मोह सर्वांना होतो. एका संस्थेचा जुना अहवाल माझ्याकडे आला होता. मी उत्साहाच्या भरात सगळा मजकूर निवडला, त्याला ‘मंगल’ फॉन्ट लावला, अर्थातच काही सुधारले नाही, आणि तशीच फाइल सेव्ह करून बंद केली. त्या अहवालात जागोजागी इंग्रजी नावे, पदव्या आणि कंसातले संक्षेप होते. जुन्या पद्धतीच्या फाइलीत मराठी काय आणि इंग्रजी काय, सगळी रोमन अक्षरेच असतात. कोणता तुकडा कृतिदेवमध्ये आहे आणि कोणता टाइम्स न्यू रोमनमध्ये, एवढीच त्यांच्यातली खूण असते. मी सगळ्यांना एकच फॉन्ट लावला त्या क्षणी ती खूण पुसली गेली. त्यानंतर परिवर्तकाने ‘एमए, बीएड’सारख्या पदव्यांचेही मराठी करून टाकले, आणि मला ते सगळे मूळ छापील प्रतीवरून हाताने दुरुस्त करावे लागले. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम मूळ फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक अन्यत्र ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. कामाच्या प्रतीत एखाद्या खऱ्या इंग्रजी शब्दावर कर्सर ठेवून ‘सिलेक्ट’मधील ‘सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ हा पर्याय वापरावा, म्हणजे त्याच घडणीचे इतर तुकडे एकदम निवडले जातात. त्यांना पिवळा रंग द्यावा. ठळक किंवा तिरके इंग्रजी शब्द अशा वेळी वेगळे पडतात, तेव्हा तेच पुन्हा एक-दोनदा करावे लागेल. मग परिवर्तन प्रकरणवार करावे आणि पिवळे तुकडे परिवर्तकात घालू नयेत. दीडशे पाने एका दमात परिवर्तकाच्या तोंडी देऊ नयेत; चूक कोठे झाली ते नंतर सापडत नाही.

परिवर्तनानंतर कोठे चुका राहतात हेही ठरलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, कारण टंकलेखन यंत्रावर तसेच होते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे नेमके उलटे आहे. ‘दर्शन’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये श-नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. परिवर्तकाला या उड्या मारून अक्षरे जागेवर बसवावी लागतात, आणि जोडाक्षरावरची वेलांटी (‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’) किंवा रफारासोबत मात्रा (‘कीर्तीने’, ‘मार्गांवर’) आली की त्याचा पाय घसरतो. वेलांटी निराधार राहिली तर तिच्या शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ही वर्तुळे डोळ्यांना पटकन सापडतात, म्हणून पहिली नजर त्यांच्यावरून फिरवावी. त्यानंतर मात्र मुद्रितशोधन करावे तसे ओळ न ओळ वाचण्याला पर्याय नाही. आपण शिक्षिका होतात, तेव्हा हे काम माझ्यापेक्षा आपणच बरे कराल.

सभासदांच्या यादीचे प्रकरण याहून सोपे आहे. ती फाइल तुम्हाला सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, मिळाली आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. एक्सेलमध्ये ती फाइल दोन टिचक्या मारून उघडली की, फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ची खूण नसेल तर, एक्सेल प्रत्येक बाइट हे एक पाश्चात्त्य अक्षर समजते आणि एका ‘म’ची तीन चिन्हे होतात. स्वर, व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांचे पहिले दोन बाइट एकसारखे असतात. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रांचा आणि हलन्ताचा (पाय मोडण्याच्या चिन्हाचा) दुसरा बाइट वेगळा, आणि येनचे चिन्ह येते ते त्याच्यातून. हे कळले की त्या कचऱ्याची भीती वाटत नाही, कारण आत सगळे जागेवर आहे. फाइल थेट उघडू नका. रिकामी एक्सेल उघडून ‘डेटा’ पट्टीतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, आणि ‘फाइल ओरिजिन’च्या जागी ६५००१ हा आकडा असलेला यूटीएफ-८चा पर्याय घ्या. खालच्या नमुन्यात नावे लगेच मराठीत दिसू लागतात. मंडळाच्या चिटणीसबाईंनी मात्र फाइल उघडून, त्यात दोन नावे वाढवून साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह केली असणार. त्या प्रकाराला देवनागरी साठवता येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसले. सेव्ह करताना प्रकारांच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा स्वतंत्र पर्याय असतो, तो घ्यायला त्यांना सांगा. किंवा सरळ नेहमीची एक्सेल फाइलच ठेवा, घरगुती यादीला सीएसव्हीचे काही सोने लागलेले नाही. जुन्या विंडोजवरचे नोटपॅडही असाच दगा देत असे, कारण त्याचा न सांगता धरलेला प्रकार ‘अँसी’, म्हणजे देवनागरी न साठवू शकणारा जुना प्रकार, होता. विंडोज १०च्या २०१९मधल्या आवृत्तीपासून तो यूटीएफ-८ झाला.

टंकताना येणाऱ्या अडचणींविषयी. विंडोजमध्ये मराठीसाठी बाहेरचे काही उतरवून घेण्याची आता गरज नाही. ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे जाऊन मराठी भाषा जोडा. विंडोजची कळ दाबून स्पेस बार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. रोमन लिपीत ‘मी घरी जाते’ असे टंकून मराठी उमटवणारा ‘मराठी फोनेटिक’ कळफलकही त्याच २०१९च्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे. आपण रोज दोन पानांहून अधिक लिहिणार असाल तर मात्र मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाचा आग्रह धरीन. त्याची मांडणी शाळेतल्या बाराखडीची आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, आणि अल्पप्राणाच्या कळीवरच शिफ्ट धरून महाप्राण. के या कळीवर क, शिफ्ट धरला की ख. आयवर ग, शिफ्ट धरला की घ. पंधरा दिवस बोटे अडखळतात, मग कळफलकाकडे पाहावे लागत नाही.

इनस्क्रिप्टमध्ये र आहे जे या कळीवर आणि हलन्त डी या कळीवर. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन्हींत र, हलन्त आणि य, मग संगणकाने कोणता रफार आणि कोणता आडव्या रेघेचा र हे कसे ओळखावे? ही गरज मराठीची आणि नेपाळीची, हिंदीला तिची फारशी जाणीव नाही, म्हणून बहुतेक शिकवण्यांत ती सांगितलेलीच नसते. त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरायचा, तो शिफ्ट आणि जे दाबल्यावर मिळतो: ऱ, मग हलन्त, मग य. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘आचाऱ्यास’ सगळे याच वाटेने. याला दुसरीही एक वाट आहे: साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्य’ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि म्हणून आपल्याच लेखात ‘वाऱ्यावर’ शोधले असता तो समोर दिसत असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. घरात एकच पद्धत ठरवा. मी ऱ-ची घेतो, कारण अदृश्य चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळून पडते आणि मग दऱ्यांचा दर्या होतो.

ॲ-चे असेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत. त्याआधी अ टंकून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवत. अनेक फॉन्ट ते नीट दाखवतात, काही ठिपक्यांचे वर्तुळ काढतात, आणि शोधताना दोन्ही जुळत नाहीत. हिंदीतला ऍ हे तिसरेच चिन्ह आहे. मोबाइलवरच्या मराठी कळफलकात ॲ सहज मिळतो, म्हणून निरुपाय झाला तर तेथून स्वतःला संदेश पाठवून तो उचलून घेण्यात कमीपणा नाही. मीही पुष्कळदा तेच केले आहे.

एक छोटी गोष्ट, जिच्यावरून लोक कळफलकावर राग काढतात. ‘स्थि’मधली वेलांटी तेवढी चुकली असेल तर कर्सर त्या अक्षराच्या नंतर ठेवून बॅकस्पेस दाबा, तो शेवटचे एकच चिन्ह खोडतो. अक्षराच्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलात तर वर्डमध्ये अख्खे जोडाक्षर जाते. तसेच वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपेक्षा वेगळा लक्षात ठेवते, म्हणून एकाच ओळीत मराठी बारीक आणि इंग्रजी मोठे दिसू लागते. कंट्रोल आणि डी दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा भाग असतो, तेथे आकार द्यावा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार पुष्कळांची असते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. तो हवा असल्यास मराठीसाठीच घडवलेला फॉन्ट घ्यावा, जसा राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेला यशोमुद्रा.

पीडीएफबद्दल अपेक्षा कमी ठेवावी. पीडीएफ ही छपाईसाठी आखलेल्या आकारांची मांडणी आहे. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर याची सारणी तिच्यात अपुरी असेल तर दिसायला सुरेख पान उचलताना ‘विद्यार्थी’चा चुराडा होतो. मजकूर थोडा असेल तर पुन्हा टंकणे लवकर होते. जास्त असेल तर पानांचे चित्र करून, ते गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावे. स्वच्छ छपाई असेल तर मराठी अक्षरओळख चांगली होते, फक्त अनुस्वार आणि ‘घ-ध’, ‘भ-म’ तपासून घ्यावेत. आपल्या वडिलांच्या फाइलीचा जुना फॉन्ट मिळालाच नाही आणि २००३ची छापील प्रत हाताशी असेल, तर परिवर्तकाच्या मागे न लागता याच वाटेने जावे. आणि पडद्यावर ठीक दिसणारी पीडीएफ छापताना बिघडत असेल, तर ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा; छपाई सावकाश होईल, पण जे दिसते तेच कागदावर उतरेल.

पुस्तक छापायला द्याल तेव्हा मुद्रक कदाचित ‘श्रीलिपीत करून द्या’ असे म्हणेल. तसे करून देऊ नका. युनिकोडची वर्ड फाइल आणि तिच्यासोबत पडताळणीसाठी पीडीएफ द्या. त्याच्याकडे इनडिझाइन हे पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर असेल आणि वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असतील, तर परिच्छेदाच्या मांडणीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडायला सांगा. बहुतेक छापखान्यांत तो असूनही चालू केलेला नसतो. त्याला त्याच्या सोयीसाठी जुन्या फॉन्टमध्ये न्यायचेच असेल तर त्याने त्याच्या प्रतीत न्यावे, आणि मुद्रिते तपासताना ज्या दुरुस्त्या कराल त्या त्याच दिवशी आपल्या घरच्या युनिकोड फाइलीतही करून ठेवा.